तापणारा गिअरबॉक्स : उष्णता येते कुठून, अडते कुठे

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या पश्चिम टोकाला, कोलोरॅडो नदीवर डेव्हिस धरण आहे. धरणापासून एक हमरस्ता उघड्याबोडक्या वाळवंटी डोंगरात चढू लागतो आणि सुमारे अठरा किलोमीटरांत जवळजवळ नऊशे मीटर उंची गाठतो. पिकअप ट्रक किती वजन ओढू शकतो, याचे दावे प्रत्येक कंपनी पूर्वी आपापल्या पद्धतीने करत असे. त्याला एक माप असावं म्हणून 'एसएई' या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने २००८ साली जे-२८०७ हे मानक तयार केलं. त्यातली चढाची चाचणी याच रस्त्यावर बेतलेली आहे. हवेचं तापमान किमान ३८ अंश सेल्सिअस, एसी पूर्ण सुरू आणि मागे दाव्याइतक्या वजनाचा ट्रेलर. मागे दुहेरी चाकं नसलेल्या ट्रकने ताशी ६४ किलोमीटरच्या खाली यायचं नाही. वर पोचेपर्यंत एकही भाग निकामी व्हायला नको आणि धोक्याचा एकही दिवा पेटायला नको.

या चढावर इंजिनाइतकीच परीक्षा होते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. डिझेल पिकअप चालवणाऱ्या अमेरिकी शेतकऱ्याला, घोड्यांचा ट्रेलर ओढणाऱ्याला किंवा बांधकामाच्या ठेकेदाराला हे चांगलं ठाऊक असतं. गिअरबॉक्सच्या तापमानाचा काटा चढू लागला की बहुतेकांच्या मनात पहिला उपाय येतो तो मोठा ऑइल कूलर बसवण्याचा. कधी तो लागू पडतो, पण पुष्कळदा पैसे जातात आणि काटा तिथेच राहतो. याचं कारण असं की तापमान वाढण्याच्या दोन अगदी वेगळ्या वाटा आहेत. एक तर उष्णता नेहमीपेक्षा जास्त तयार होते, किंवा तयार झालेली उष्णता बाहेर पडत नाही. यातली कुठली वाट आपल्या गाडीची, हे ठरवल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. या प्रकरणात आपण ते ठरवण्याची रीत पाहू.

उष्णता जन्मते कुठे?

ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्याची मूळ कल्पना जर्मन अभियंता हरमान फ्योटिंगर याची. जहाजातली वाफेची टर्बाइन फार वेगाने फिरे आणि पंखा मात्र हळू फिरावा लागे. या दोघांना जोडण्यासाठी त्याने १९०५ साली द्रवाच्या साहाय्याने शक्ती पोचवणाऱ्या यंत्रणेचं पेटंट घेतलं. आजच्या कन्व्हर्टरमध्येही तेच तत्त्व आहे. इंजिनाला जोडलेला पंप ऑइल भिरकावतो, समोरची टर्बाइन त्या माऱ्याने फिरते आणि मधला स्टेटर परतीच्या ऑइलला वळवून टॉर्क वाढवतो.

पंप आणि टर्बाइन यांच्या वेगात फरक असतो तोवरच ही यंत्रणा काम करते. हा फरक म्हणजे स्लिप, आणि स्लिपमध्ये वाया गेलेली शक्ती सरळ ऑइलमध्ये उष्णता म्हणून उतरते. ती किती, याचा हिशेब करून पाहू. समजा, चढावर इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांवर ६०० न्यूटन-मीटर टॉर्क देतंय. ही झाली सुमारे १२५ किलोवॉट शक्ती. कन्व्हर्टरमध्ये दहा टक्के स्लिप धरली तर साडेबारा किलोवॉट उष्णता झाली. म्हणजे तीन किलोवॉटचे चार गिझर एकाच वेळी पंधरा लिटर ऑइलमध्ये सोडल्यासारखं झालं. ऑइल पाण्यापेक्षा लवकर तापतं. कूलर नसता आणि सगळी उष्णता ऑइलमध्येच राहिली असती, तर तापमान मिनिटाला तीस अंशांनी चढलं असतं. प्रत्यक्षात काही उष्णता धातू पितो आणि बरीचशी कूलर बाहेर टाकतो. तरीही काटा एवढ्या झपाट्याने का चढतो, ते यावरून कळतं.

यावरचा उपाय कन्व्हर्टरच्या आतच असतो. त्याला लॉक-अप क्लच म्हणतात. हा क्लच लागला की पंप आणि टर्बाइन एकमेकांना घट्ट जोडले जातात, स्लिप जवळजवळ शून्यावर येते आणि उष्णतेचा सर्वांत मोठा उगम बंद होतो. डॉज कंपनीने १९८९ सालच्या पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं डिझेल इंजिन बसवलं. त्याचा टॉर्क सुमारे ५४२ न्यूटन-मीटर होता आणि त्यामागे तीन गिअरचा, लॉक-अप नसलेला ऑटोमॅटिक होता. त्याच घराण्यातल्या रॅम ट्रकने २०१९ साली १,३५६ न्यूटन-मीटर गाठला. तीस वर्षांत टॉर्क अडीच पट झाला. लॉक-अप क्लच पक्का नसता तर एवढा टॉर्क चाकांपर्यंत पोचवणं शक्यच झालं नसतं.

डिझेलची आणखी एक अडचण आहे. गिअरबॉक्समधला ऑइल पंप इंजिनाच्या वेगाने फिरतो. पेट्रोल इंजिन चढावर साडेतीन-चार हजार फेऱ्या घेतं, तर डिझेल दीड-दोन हजारांवरच जोर लावतं. म्हणजे भार सर्वाधिक असतो तेव्हाच पंपाचा वेग आणि कूलरकडे जाणारा प्रवाह बेताचा असतो. म्हणून डिझेल पिकअपमध्ये लहानसा अडथळाही चटकन तापमानात दिसतो.

ऑइल किती सोसतं?

गिअरबॉक्सच्या ऑइलला शक्ती वाहून न्यायची असते, क्लच दाबायचे असतात, गिअर आणि बेअरिंगला वंगण द्यायचं असतं आणि उष्णताही उचलायची असते. साधारण ८० ते ९३ अंश सेल्सिअस, म्हणजे अमेरिकी डॅशबोर्डवरचे १७५ ते २०० अंश फॅरनहाइट, ही त्याच्या सुखाची मर्यादा. त्यापुढे दर ११ अंश सेल्सिअसला ऑइलचं आयुष्य निम्मं होतं, असा गॅरेजमधला जुना ढोबळ नियम आहे. उष्णतेने रासायनिक क्रियांचा वेग वाढतो, हे त्यामागचं शास्त्र. सुमारे ११५ अंशांपुढे ऑइलचा चिकट थर झडपांवर बसू लागतो आणि सुमारे १२५ अंशांपुढे रबरी सील कडक होत जातात. नवी सिंथेटिक ऑइल यापेक्षा जास्त सोसतात, पण नियमाची दिशा तीच राहते.

म्हणून एखाद्या चढावर काटा पाच मिनिटं ११० वर गेला आणि सपाटीवर खाली आला, तर घाबरायचं कारण नाही. रोजच्या रिकाम्या धावपळीत तो १०५ वर ठाण मांडून बसत असेल तर मात्र चौकशी सुरू करावी.

आधी आकडाच तपासा

पहिला प्रश्न सेन्सरचा. तापमान कुठे मोजलं जातंय, हे माहीत असल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनमधला सेन्सर कूलरमधून फिरून आलेल्या, साठ्यातल्या ऑइलचं तापमान सांगतो. कन्व्हर्टरमधून कूलरकडे जाणाऱ्या पाइपवर सेन्सर असेल तर तो नुकत्याच तापलेल्या ऑइलचं सांगतो. चढावर या दोन आकड्यांत वीस-पंचवीस अंशांचा फरक पडू शकतो. शिवाय पाइपवरचा काटा क्षणात उडतो आणि क्षणात उतरतो. दोन शेजाऱ्यांच्या सारख्याच ट्रकमध्ये वेगळे आकडे दिसले, तर त्यातला एक बिघडलाय असं समजू नये. सेन्सर कुठे आहे ते आधी पाहावं.

दुसरी तपासणी फुकटची आहे. गाडी रात्रभर उभी राहू द्यावी आणि सकाळी इंजिन सुरू न करता स्कॅनर लावावा. गिअरबॉक्स ऑइल, कूलंट आणि बाहेरची हवा, तिन्हींचे आकडे दोन-चार अंशांच्या फरकाने जुळायला हवेत. गिअरबॉक्सचाच आकडा फटकून असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर संशयित. पुढे गाडी गरम झाल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने पॅनचं तापमान घ्यावं. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र खरं तापमान दाखवत नाही, ते कमीच दाखवतं. तिथे काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर नेम धरला तर आकडा भरवशाचा येतो.

पातळी, रंग, वास

आकडा खरा निघाला की डिपस्टिक काढावी. ऑइल कमी असेल तर पंप ऑइलबरोबर हवा ओढतो. जास्त असेल तर फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात. दोन्ही प्रकारांत दाब पडतो, क्लच स्लिप होतात आणि उष्णता वाढते. म्हणून 'थोडं जास्त घातलेलं बरं' हा समज इथे चालत नाही. पातळी कशी मोजायची तेही गिअरबॉक्सप्रमाणे बदलतं. डॉजच्या जुन्या ४७आरई, ४८आरई गिअरबॉक्समध्ये पार्कमध्ये कन्व्हर्टरला ऑइल मिळत नाही, म्हणून पातळी इंजिन सुरू ठेवून, ऑइल गरम असताना, न्यूट्रलमध्ये पाहायची असते.

या एका गोष्टीमुळे अनेक जण फसतात. चढ चढून आल्यावर ते गाडी पार्कमध्ये उभी करतात आणि इंजिन सुरू ठेवून काटा उतरण्याची वाट पाहतात. पण पार्कमध्ये कूलरकडे प्रवाहच नसतो. अशा गिअरबॉक्सला थंड करायचं असेल तर हँडब्रेक ओढून, चाकांना अडण लावून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि इंजिनाला किंचित रेस द्यावी.

रंगही बोलका असतो. ताजं ऑइल लाल असतं. तपकिरी आणि जळकट वासाचं असेल तर ते बराच काळ तापलेलं आहे. गुलाबी, दुधाळ दिसलं तर रेडिएटरमधल्या कूलरला आतून चीर पडून कूलंट ऑइलमध्ये मिसळलंय असं समजावं आणि गाडी तिथेच थांबवावी, कारण पाण्याने क्लच प्लेटचं कागदी अस्तर सुटू लागतं. पॅन उघडल्यावर चुंबकावर करडी, बारीक पेस्ट दिसली तर ती नेहमीची झीज असते. धातूचे कपचे किंवा अस्तराचा काळा चुरा मात्र आतल्या बिघाडाची खूण आहे.

कधी तापतो?

निदानाचा गाभा इथे आहे. वही घ्या आणि तापमानाच्या शेजारी वेग, गिअर, इंजिनाच्या फेऱ्या, चढ आणि भार लिहा. दोन-तीन फेऱ्यांतच चित्र उमटू लागतं.

गर्दीत, हळू चढावर, ट्रेलर मागे घेताना तापतो, पण हमरस्त्यावर वेग घेतला की उतरतो, अशी नोंद असेल तर उष्णता कन्व्हर्टरच्या स्लिपमधून येते आहे. कमी वेगाला लॉक-अप लागत नाही, त्यामुळे काही प्रमाणात हे स्वाभाविकच आहे. बहुतेक गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला लॉक-अप नसतोच. म्हणून जड ट्रेलर चढावर मागे ढकलताना पाच मिनिटांत काटा लाल रेषेला टेकू शकतो.

हमरस्त्यावर, चढावर वेग असतानाही तापत असेल तर लॉक-अप लागतोय का ते पाहावं. सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरला वेग स्थिर ठेवा आणि ॲक्सिलरेटर न सोडता डाव्या पायाने ब्रेक जेमतेम स्पर्शा, दिवा पेटण्यापुरता. लॉक-अप लागलेला असेल तर तो सुटतो आणि फेऱ्या दोन-तीनशेने वर जातात. पाय काढला की पुन्हा खाली येतात. काहीच फरक पडला नाही, तर लॉक-अप लागतच नव्हता. मागे रहदारी नसेल तेव्हाच ही चाचणी करावी. स्कॅनर असेल तर आणखी सोपं. इंजिनाच्या फेऱ्या आणि टर्बाइनच्या फेऱ्या शेजारी ठेवून पाहाव्यात. लॉक-अप लागल्यावर दोन्ही जवळजवळ सारख्या असायला हव्यात. सपाटीवर जुळतात पण चढावर जोर दिला की शंभर-दोनशेचा फरक पडतो, असं दिसलं तर लॉक-अप क्लच भाराखाली घसरतोय. इंजिनाचा टॉर्क वाढवणारा ट्यूनर बसवलेल्या गाड्यांत हा प्रकार हमखास दिसतो. इंजिन सक्षम झालं, पण क्लच मूळच्या टॉर्कचाच राहिला.

रिकामी गाडी, सपाट रस्ता, लॉक-अप पक्का, तरीही काटा हळूहळू चढतच राहतो, असं असेल तर उष्णता जास्त तयार होत नाहीये. ती बाहेर पडत नाहीये. आता कूलरकडे वळायचं.

उष्णता अडते कुठे?

सुरुवात बाहेरून करावी. कूलर, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर एकामागे एक बसवलेले असतात आणि त्यांच्या मधल्या फटीत धूळ, किडे, गवताचं बी, कापसासारखी तंतुमय फुलं अडकून गादी तयार होते. समोरून पाहिलं तर सगळं स्वच्छ वाटतं. विजेरी मागून धरली की प्रकाश पलीकडे येत नाही, तेव्हा कळतं. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात पिकअपला पुढे बर्फ सारायचं पातं लावतात. ते उचलून हमरस्त्याने निघालं की हवेची वाटच बंद होते आणि बाहेर कडाक्याची थंडी असूनही गिअरबॉक्स तापतो. फॅनचा क्लच तपासायला हवा तो इथेच. गरम झाल्यावर फॅनचा घरघराट वाढला नाही तर तो फिरतोय, पण हवा ओढत नाही.

मग प्रवाह. कूलरकडे जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाइपचं तापमान मोजा. फरक फार मोठा असेल तर ऑइल कूलरमधून फारच हळू जातंय, म्हणजे कुठेतरी अडलंय. दोन्ही पाइप गरम आणि फरक नगण्य असेल तर ऑइल वाहतंय, पण कूलरला हवा मिळत नाही. पॅन १०५ अंशांवर आणि पुढच्या कूलरचे पाइप गारच, असं दिसलं तर ऑइल तिथवर पोचतच नाही. २०१३ नंतरच्या रॅममध्ये ऑइल लवकर गरम व्हावं म्हणून पाइपमध्ये थर्मोस्टॅटची झडप असते. ती बंद अवस्थेत अडकली की नेमकं हेच होतं. जुन्या डॉजमध्ये पुढच्या पाइपात, उभ्या गाडीतलं ऑइल परत वाहू नये म्हणून एक झडप होती. तिच्यात चुरा अडकला की प्रवाह आवळला जाई.

शंका राहिली तर प्रवाह मोजावा. डॉज ज्या क्रायस्लर कंपनीची, तिच्या वर सांगितलेल्या जुन्या गिअरबॉक्ससाठी साधं माप आहे. परतीचा पाइप सोडून भांड्यात धरायचा आणि न्यूट्रलमध्ये, आयडलवर वीस सेकंदांत एक क्वार्ट, म्हणजे जेमतेम एक लिटर ऑइल यायला हवं. वीस सेकंदांपेक्षा जास्त वेळ इंजिन चालवायचं नाही. ही तपासणी महत्त्वाची, कारण कूलरमधून परतणारं ऑइलच पुढे गिअर आणि बेअरिंगच्या वंगणाला जातं. प्रवाह अडला की गिअरबॉक्स तापतो आणि कोरडाही पडतो. एक गिअरबॉक्स जळाल्यावर नवा बसवला आणि कूलर जुनाच ठेवला, तर जुन्याचा चुरा कूलरमध्ये बसलेला असतो आणि तो नव्याचाही घात करतो. साफ होण्याची खात्री नसेल तर कूलर बदलणं स्वस्त पडतं.

इंजिनाचं तापमानही विसरू नये. ऑइल रेडिएटरच्या टाकीतल्या किंवा इंजिनाच्या कडेच्या कूलरमधून जात असेल, तर तिथे ते कूलंटपेक्षा थंड होऊच शकत नाही. कूलंट १०५ अंशांवर असेल तर तोच कूलर ऑइलला तापवतो. अशा वेळी गिअरबॉक्स निर्दोष असतो आणि दोष इंजिनाच्या थर्मोस्टॅटचा किंवा रेडिएटरचा निघतो.

आतली घसरण

इथवर सगळं निर्दोष निघालं तरच गिअरबॉक्सच्या आत शिरायचं. इनपुट आणि आउटपुट शाफ्टच्या फेऱ्यांचं गुणोत्तर त्या गिअरच्या ठरलेल्या गुणोत्तराशी जुळलं नाही, तर त्या गिअरचा क्लच घसरतोय. मग ऑइलचा दाब मोजायचा. दाब कमी निघाला तर पंप, फिल्टर, झिजलेली झडपपेटी किंवा सील संशयित. दाब बरोबर आणि तरीही स्लिप असेल तर क्लच प्लेट संपल्या. मोठे टायर बसवलेत का, तेही विचारावं. टायर मोठा झाला की एक्सलचं गुणोत्तर कमी झाल्यासारखं होतं, इंजिन त्याच वेगाला कमी फेऱ्या घेतं, लॉक-अप उशिरा लागतो आणि प्रत्येक चढावर कन्व्हर्टरला जास्त घाम गाळावा लागतो.

चालकाच्या हातात काय?

बरंच काही. ट्रेलर ओढताना टो-हॉल मोड, म्हणजे ओझं ओढण्यासाठीची गिअरबॉक्सची सेटिंग, लावावा. चढावर गिअर सारखा बदलत असेल तर हाताने एक गिअर खाली घ्यावा. फेऱ्या वाढतात, पंप जास्त ऑइल ढकलतो, फॅन जास्त हवा ओढतो आणि लॉक-अप टिकतो. मातीच्या किंवा खडीच्या उतारावर ट्रेलर मागे ढकलायचा असेल तर फोर-लो, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हचा हळू गिअर, वापरावा. चाकांवर तोच जोर येतो, पण कन्व्हर्टरवरचा भार बराच कमी होतो. आपल्याकडे टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस हे डिझेल पिकअप ऑटोमॅटिकमध्ये मिळतात. त्यांचे आकडे, पाइप, झडपा वेगळ्या आहेत. पण मे महिन्यात भरलेल्या गाडीने घाट चढताना लागणारा तर्क हाच.

आता मोठ्या कूलरचा प्रश्न. लॉक-अप पक्का आहे, क्लच घसरत नाहीत, प्रवाह पुरेसा आहे, फटी स्वच्छ आहेत आणि तरीही नेहमीच्या जड कामात तापमान वर राहतं, अशा गाडीला मोठा कूलर खरोखर लागतो आणि तो तिचं आयुष्य वाढवतो. पण घसरणाऱ्या क्लचच्या गाडीला तो बसवला तर काटा खाली येतो आणि क्लच मात्र झिजतच राहतो. आता फक्त त्याची खबर मिळणं बंद झालेलं असतं. थंड प्रदेशात अवाजवी कूलर उलटतोही. ऑइल गरमच होत नाही, दाट राहतं आणि बरेचसे संगणक ऑइल पुरेसं गरम होईपर्यंत लॉक-अप लावू देत नाहीत.

म्हणून तपासणीचा क्रम खर्चाच्या चढत्या भाजणीने ठेवावा. सकाळचा थंड आकडा, डिपस्टिक, वही, ब्रेकचा स्पर्श आणि कूलरमागची विजेरी यांना जवळपास काहीच खर्च येत नाही. स्कॅनर, इन्फ्रारेड थर्मामीटर आणि प्रवाहाची चाचणी थोडक्यात होते. दाबाची तपासणी अनुभवी मेकॅनिककडे करावी आणि गिअरबॉक्स खाली उतरवणं अगदी शेवटी. मेकॅनिककडे जाताना 'फार तापतो' एवढंच सांगू नये. 'रिकाम्या गाडीला ८५, ट्रेलरसह चढावर पाचव्या गिअरला १२०, ब्रेकला स्पर्श केला तर फेऱ्या हलत नाहीत' असं सांगावं. चांगल्या मेकॅनिकला या एका वाक्यावरून लॉक-अपपासून सुरुवात करायची हे कळतं, आणि कूलरवर होणारा खर्च वाचतो.